पावसाळ्यात विश्व वाचायला बसताना

मृग लागला की आमच्याकडे आकाशाला कुलूप बसतं. जूनच्या ७-८ तारखेला बसलेलं हे कुलूप जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पार ऑक्टोबरातच निघतं. मधले चार महिने रोप लावणी, चिखल, संध्याकाळी गेलेली वीज आणि कौलांवरची अखंड धार. तारे बघायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे विश्वाविषयी वाचायला बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला हा हंगाम सोयीचा.

मी गावच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी बसतो. पगार नाही, चहा मिळतो. तिथं पावसाळ्यात हमखास कुणीतरी येतं आणि विचारतं, "मामा, ते ब्लॅक होलचं पुस्तक हाय काय?" बहुतेक जण मोबाईलवर एखादा व्हिडिओ बघून आलेले असतात. दोन आठवड्यांनी पुस्तक परत येतं, खूण पंचविसाव्या पानावर. दोष वाचणाऱ्याचा नसतो. चुकीचं पुस्तक, चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीनं हातात पडलेलं असतं. तसं होऊ नये म्हणून शनिवारी तोंडी सांगतो ते इथं लिहून काढतोय.

सर्वांत गाजलेलं पुस्तक पहिलं घेऊ नका

माझी फजिती आधी सांगतो. पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) संपल्यावर पुण्याला गेलो होतो, तेव्हा फुटपाथवरून स्टीफन हॉकिंग यांचं 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' घेतलं. १९८८ साली आलेलं पुस्तक. प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होतो असं हॉकिंगना कुणीतरी बजावलं होतं, म्हणून त्यांनी एकच समीकरण ठेवलं, हे सुरुवातीलाच वाचून मी खूश. गणित नाही म्हणजे सोपं, असा माझा हिशेब.

पाचव्या प्रकरणात मूलकणांचा 'स्पिन' येतो. समजावायला पत्ते घेतलेत. इस्पिकचा एक्का पूर्ण फिरवला की पहिल्यासारखा दिसतो, राणी अर्धीच फिरवली तरी दिसते. इथवर ठीक. मग येतात असे कण, जे दोनदा पूर्ण फिरवल्याशिवाय पहिल्यासारखे दिसत नाहीत. मी खरोखरच पत्त्यांचा जोड काढून अंथरुणावर फिरवत बसलो. आजी दारातून म्हणाली, "अभ्यास सोडून पत्ते खेळालास काय रे?" पुस्तक माळ्यावर गेलं ते नऊ वर्षांनी खाली आलं.

पुस्तक वाईट मुळीच नाही. पण गणित काढून टाकलं की त्याचं ओझं कुठं जात नाही, ते वाचणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर येऊन पडतं. ज्यानं आधी तीन-चार पुस्तकं वाचलीत त्याला ते पेलतं. म्हणून हॉकिंग चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकावर.

आपला प्रश्न ओळखा

वाचनालयात येणाऱ्यांचे प्रश्न ढोबळ तीन प्रकारचे असतात. वर दिसतंय ते काय आहे? हे सगळं आलं कुठून? आणि इथं खाली बसलेल्या माणसाला हे कळलं तरी कसं? पहिल्याला आकाशनिरीक्षणाचं पुस्तक लागतं, दुसऱ्याला विश्वरचनेचं, तिसऱ्याला विज्ञानाच्या इतिहासाचं. नवख्यानं तिसऱ्या प्रश्नापासून निघावं, असं माझं ठाम मत आहे. माणसांची गोष्ट असली की अवघड पानंही ओढत नेतात.

पहिली तीन

पहिलं मराठीतच घ्या: जयंत नारळीकर यांचं 'आकाशाशी जडले नाते'. इंग्रजी येत असलं तरीही. संकल्पना आपल्या भाषेत एकदा डोक्यात बसली की पुढं कुठल्याही भाषेत ती ओळखीच्या माणसासारखी भेटते. नारळीकरांचा जन्म १९३८चा, कोल्हापूरचा, म्हणजे बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली. २० मे २०२५ रोजी ते गेले. वाचताना एक ध्यानात असू द्या. विश्वाची सुरुवात महास्फोटातून (बिग बँग) झाली, हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकर त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्यासारखेच आयुष्यभर विरोधी बाकावर बसले, आणि कारणं देऊन बसले. नवख्याला यानं गोंधळायला होतं खरं. पण विज्ञानात एका विषयावर दोन जाणकार भांडू शकतात, हे पहिल्याच पुस्तकात कळलं तर उलट बरं.

दुसरं, कार्ल सेगन यांचं 'कॉसमॉस'. १९८०चं, तेरा भागांच्या दूरदर्शन मालिकेबरोबर आलेलं. इंग्रजी काव्यमय आहे, सुरुवातीला जड जाईल. पण पहिल्याच प्रकरणात एराटोस्थेनिस भेटतो. हा सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेकडच्या साईनी गावात वर्षातल्या एका दिवशी भर दुपारी काठीची सावली पडत नाही, अलेक्झांड्रियात मात्र त्याच दिवशी पडते, एवढ्यावरून त्यानं पृथ्वीचा घेर काढला.

हे नुसतं वाचून पुढं जाऊ नका, कारण हा प्रयोग आपल्याला घरबसल्या करता येतो. बेळगावचा अक्षांश साधारण १५.८५ अंश. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ३-४ तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. (दुसरा असा दिवस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, पण तेव्हा सूर्यच कुठं दिसतोय!) इथल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी नोकरीला पुण्याला असतंच. त्या दिवशी त्याला फोन करा आणि साडेबाराच्या आसपास एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करून तिची आखूडात आखूड सावली मोजायला सांगा. साधारण पावणेपाच सेंटिमीटर भरेल. त्यावरून कोन निघतो २.७ अंशांच्या जवळपास. पुणे आपल्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे आणि उत्तर-दक्षिण अंतर धरलं तर ते २९५ किलोमीटरच्या आसपास. (हायवेचे ३४० धरू नका, घाट आणि वळणं पृथ्वीच्या घेरात मोजायची नसतात.) आता त्रैराशिक: २.७ अंशांना २९५, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या अवतीभवती येतं. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे. आमच्या शेजारच्या पीयूसीतल्या मुलीनं हे केलं तेव्हा तिचं उत्तर बेचाळीस हजार आलं, कारण पुण्यातल्या मामानं काठी ओळंब्यात न धरता नजरेनं उभी केली होती. दोघांचं भांडण अजून चालू आहे.

तिसरं, सायमन सिंग यांचं 'बिग बँग', २००४चं. ग्रीकांपासून विसाव्या शतकापर्यंत माणूस पायरीपायरीनं विश्वाच्या सुरुवातीपर्यंत कसा पोचला, याची ही गोष्ट. १९२९ साली हबलनं दूरच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आपल्यापासून लांब पळताहेत हे दाखवलं, तिथून हा रस्ता १९६५ सालच्या न्यू जर्सीपर्यंत येतो. पेंझियस आणि विल्सन या दोघांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती. अँटेना कुठंही वळवा, खरखर तेवढीच. आत कबुतरं राहत होती, त्यांची घाणही या दोघांनी खरवडून काढली. खरखर राहिलीच. तो महास्फोटानंतरचा, विश्वभर पसरलेला, आज उणे २७० अंश सेल्सियसपर्यंत थंड झालेला प्रारण-अवशेष, म्हणजे त्या वेळचं उरलेलं तेज, होता. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं. विश्वाच्या इतिहासात कबुतरांच्या विष्ठेला जागा आहे, हे सांगितलं की आमच्याकडची पोरं पुस्तक न मागता घेऊन जातात.

या तिघांनंतर स्टीव्हन वाईनबर्ग यांचं 'द फर्स्ट थ्री मिनिट्स' आणि मग हॉकिंग. वाईनबर्गना घाईत वाचू नका. पहिल्या तीन मिनिटांत काय घडलं हे ते चित्रपटाच्या फ्रेमसारखं थांबवून थांबवून दाखवतात. गणित शेवटी वेगळं काढून ठेवलंय, ते सोडलं तरी चालतं.

जाता जाता: मराठीत हा प्रकार नवा नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकातच 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' असं लोभस नाव देऊन आकाशावर पुस्तक लिहिलं. जुन्या वाचनालयात दिसलं तर दोन घटका उघडून बघाच.

आकड्यांचा घोटाळा

माझ्या अनुभवात नवखा वाचक सर्वांत जास्त अडखळतो तो इथं. इंग्रजी पुस्तकं मिलियन, बिलियन, ट्रिलियनमध्ये बोलतात. आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी किंवा एक अब्ज, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. पुस्तकाच्या आतल्या कव्हरावर पेन्सिलनं हे लिहून ठेवा.

यात भाषांतरकारही फसतात. एका भाषांतरात विश्वाचं वय १३.८ कोटी वर्षं छापलेलं मी पाहिलंय. बिलियनचं सरळ कोटी केलं की झालं! अशी चूक पकडायला तीन आकडे पाठ असले की पुरे: विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, पृथ्वीचं ४५४ कोटी, आणि डायनोसॉर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. पुस्तकात विश्वच १३.८ कोटी वर्षांचं निघालं तर ते पृथ्वीहून धाकटं ठरतं. असं दिसलं की त्या पुस्तकातल्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. प्रकाश सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर जातो, वर्षभरात ९.४६ लाख कोटी किलोमीटर. हा आकडा वाचून काहीच वाटत नाही, वाटणारही नाही. त्यासाठी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर एकदा सकाळी फिरायला जाताना एक सोललेला नारळ घेऊन जा. तो सूर्य. त्याच्यापासून पंधरा मीटरवर राजगिऱ्याचा एक दाणा ठेवा, ती पृथ्वी. अठ्ठ्याहत्तर मीटरवर मोठी गोटी ठेवा, तो गुरू. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे बहुधा मैदान सोडून रस्त्यावर. आता सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा याच मापानं कुठं येईल? चार हजार किलोमीटरवर. काश्मीर ते कन्याकुमारी अंतर ३,२१४ किलोमीटर आहे. दोन तारे, आणि मध्ये अख्ख्या देशाहून जास्त रिकामी जागा. हे एकदा पायांनी मोजलं की पुस्तकातला 'विश्व बहुतांश रिकामं आहे' हा शब्दप्रयोग तोंडपूजा राहत नाही.

पुस्तकाचं साल बघा

भाजी घेताना शिळी-ताजी बघतो, तसं इथंही बघायचं. मुखपृष्ठ उलटलं की मागच्या पानावर साल असतं. नव्या छपाईचं साल मोठ्या अक्षरात असतं, ते बघू नका. पहिली आवृत्ती कधीची ते बघा. १९८० साली लिहिलेलं पुस्तक २०२३ साली छापलं म्हणून ताजं होत नाही.

साल कळलं की त्या पुस्तकाला काय माहीत नव्हतं ते आपोआप कळतं. १९९५ पूर्वीच्या पुस्तकात सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह सापडलेला नसतो. आज अशा परग्रहांची गणती हजारांत आहे. १९९८ पूर्वीचं पुस्तक म्हणेल की विश्वाचं प्रसरण गुरुत्वाकर्षणामुळे हळूहळू मंदावत असणार. त्या वर्षी उलटंच निघालं, वेग वाढतोय. त्याचं कारण म्हणून कृष्ण ऊर्जा हा शब्द आला आणि २०११ साली त्या शोधाला नोबेल मिळालं. २४ ऑगस्ट २००६ पर्यंत प्लूटो नववा ग्रह. आमच्या वाचनालयातली अर्धी पुस्तकं अजून त्याला ग्रहच मानतात, आणि खरं सांगायचं तर मीही मनातून मानतो. २०१६ पूर्वीचं पुस्तक गुरुत्वीय लहरींविषयी 'अजून सापडल्या नाहीत' म्हणणार. त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत टिपल्या गेल्या आणि जाहीर झाल्या त्या पुढच्या फेब्रुवारीत. तशीच एक वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात उभी राहायची आहे. कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र १० एप्रिल २०१९ चं.

मग जुनी पुस्तकं फेकायची काय? अजिबात नाही. 'द फर्स्ट थ्री मिनिट्स' १९७७चं आहे. त्यात कृष्ण ऊर्जा नाही, पण पहिल्या तीन मिनिटांत हायड्रोजन-हेलियम कसे घडले त्याचा गाभा आजही टिकून आहे. जुनं पुस्तक वाचताना समासात 'हे पुढं बदललं' एवढं पेन्सिलनं लिहीत गेलात की झालं. आमच्या वाचनालयाच्या 'कॉसमॉस'मध्ये अशा चार-पाच जणांच्या नोंदी आहेत, आणि पुढच्या वाचकाला त्या मूळ मजकुराइतक्याच आवडतात.

तीन भाषांची वही

आपल्याकडची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, पीयूसीला एकदम इंग्रजीत पडतात, आणि कन्नड तर बस, बाजार, कचेरीत रोज कानावर असतेच. याला सगळे ओझं म्हणतात. विश्वाची पुस्तकं वाचताना मला मात्र त्याचा फायदाच झालाय.

एक शंभर पानी वही करा. तीन रकाने आखा. पुस्तकात नवा शब्द आला की इंग्रजी शब्द देवनागरीत, मराठी शब्द, आणि कन्नड. ब्लॅक होल, कृष्णविवर, कप्पु कुळी. कुळी म्हणजे खड्डा. तीनही भाषांनी त्या वस्तूला भोक किंवा खड्डाच म्हटलंय, आणि तिथंच तिघीही थोड्या फसल्यात. ती पोकळी नसते, अतिशय थोड्या जागेत कोंबलेलं प्रचंड वस्तुमान असतं. हे मला वहीत तीन शब्द शेजारी लिहिताना जाणवलं, पुस्तक वाचताना नव्हे.

काही ठिकाणी भाषा उलट सापळा लावतात. कन्नडमध्ये नक्षत्र म्हणजे कुठलाही तारा. मराठीत नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेवरचे अश्विनी-भरणी असे सत्तावीस टप्पे. कन्नड शाळेतल्या मित्राशी बोलताना यावरून तासभर वाद होऊ शकतो, माझा झालाय. तसंच कन्नड पाठ्यपुस्तकातली 'शक्ती' म्हणजे आपली ऊर्जा, तर मराठी पाठ्यपुस्तकातली शक्ती म्हणजे इंग्रजी पॉवर. मराठीच्या पोटातही घोळ आहेत. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं नाव, पण काही लेखक सगळ्याच दीर्घिकांना आकाशगंगा म्हणतात. 'विश्वात अब्जावधी आकाशगंगा' असं वाचलं की समजून घ्यायचं. मराठी शब्द अडला तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. भाषा जुन्या वळणाची, पण व्याख्या घट्ट.

प्रत्यक्ष वाचताना

दिवसाला दहा पानं बास. अडलं तर तीन दिवस थांबून तेच पान पुन्हा वाचा. तरीही नाही कळलं तर खूण करून पुढं जा आणि तोच विषय दुसऱ्या पुस्तकात शोधा. हे दुसऱ्या पुस्तकाचं औषध सर्वांत गुणकारी. हॉकिंगकडे न उमगलेलं स्थळकाळाचं वक्र होणं मला नारळीकरांकडे उमगलं, आणि तिकडं राहिलेलं काही सिंगकडे.

उपमांपासून जरा सावध राहा. प्रसरणशील विश्व समजावताना जवळपास प्रत्येक लेखक फुगा आणतो: फुग्यावर ठिपके काढा, फुगवा, ठिपके एकमेकांपासून दूर जातात. हमखास कुणीतरी विचारतं, "मग फुग्याचा मधला बिंदू कुठाय? तिथंच स्फोट झाला असेल न्हवं?" प्रश्न चोख आहे, उपमा लंगडी आहे. त्या उपमेत विश्व म्हणजे फक्त फुग्याचं रबर; आतली हवा नाही, बाहेरची खोली नाही. रबरावर फिरणाऱ्या मुंगीला मध्यबिंदू कुठंच सापडणार नाही. महास्फोट एका जागी झाला नाही, सगळीकडे झाला. प्रत्येक उपमेपुढं ती कुठं मोडते ते स्वतःशी ठरवायची सवय लावा.

आणि वाचलेलं घरात कुणाला तरी सांगा, चुलीपाशी, आपल्या बोलीत. सांगताना अडखळलात की कळतं, आपल्याला काय कळलेलं नाही.

भलती पुस्तकं

दुकानात खगोलाच्या रांगेतच राशिभविष्य आणि 'क्वांटम'नं आजार बरे करणारी पुस्तकं घुसलेली असतात. वाचनालयात 'शास्त्र' या पाटीखाली वास्तुशास्त्रही निघतं. पुस्तक उघडून एवढंच बघा: लेखक कुठं 'हे अजून माहीत नाही' म्हणतो का? खरं पुस्तक म्हणतंच. विश्वात नेहमीचा पदार्थ जेमतेम पाच टक्के, बाकी कृष्ण पदार्थ आणि कृष्ण ऊर्जा, आणि ती काय आहेत ते ठाऊक नाही, हे चांगला लेखक लपवत नाही. विश्वाच्या प्रसरणाचा दर एका पद्धतीनं ६७ च्या आसपास येतो, दुसरीनं ७३ च्या (एकक दोन्हीकडे तेच), आणि दोन्ही बाजूंची माणसं हुशार आहेत, हेही तो सांगतो. ज्याच्याकडे सगळ्याची उत्तरं आहेत ते पुस्तक जागेवर ठेवा.

मिळतील कुठं

बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला दीडशेहून जास्त वर्षं झालीत. सुरुवात तिथून करा. क्रमांकानं लावलेल्या कुठल्याही ग्रंथालयात ५२० च्या घरात खगोलशास्त्र आणि ५२३.१ ला विश्व असतं. १३३.५ ला गेलात तर फलज्योतिषात शिरलात, मागं फिरा. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर विज्ञानाचा गठ्ठा खालच्या बाजूला असतो. वाकून बघा. गावच्या वाचनालयात नसेल तर मागणीच्या वहीत लिहा; दोघा-तिघांनी एकच नाव लिहिलं की समिती घेते, हा माझा अनुभव.

कुलूप निघाल्यावर

ऑक्टोबरअखेर आकाश उघडतं. आता पुस्तक घेऊन बाहेर. कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला अजून चांगला अंधार आहे; शहरातल्यांना राजहंसगड जवळ पडतो, पण तिथून बेळगावचा उजेड उत्तरेकडचं आकाश खातो.

परदेशी पुस्तकातली आकाशाची चित्रं बहुधा लंडन किंवा न्यूयॉर्कच्या अक्षांशावरची असतात, हे विसरू नका. त्यांचा ध्रुव तारा बराच वर असतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून सोळाच अंशांवर, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढा. त्यांच्या पुस्तकात वाचून ध्रुव उंच शोधत बसलात तर भलताच तारा धराल. याची भरपाई दक्षिणेला मिळते. अगस्तीचा तारा लंडनहून कधीच दिसत नाही, आपल्याकडे तो हिवाळ्यात दक्षिणेला ठसठशीत दिसतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेआठ-नऊला पूर्वेकडे मृग उगवतो. तोच, जूनमध्ये लागलेला. मृग लागतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून आभाळ कोरडं असतं तरीही जूनमध्ये तो दिसला नसता. माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं मृगावर पेरणी केली आणि तो आकाशात कुठं असतो ते त्यांना मी एका नोव्हेंबरात खळ्यावर दाखवलं. "हाच काय तो," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ बघत राहिले.

मृगाच्या वरच्या बाजूला कृत्तिकांचा झुबका असतो. त्यातून डोळ्यात शिरणारा प्रकाश साधारण ४४० वर्षांपूर्वी निघालाय, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. थोड्या वेळानं वर येणारा व्याध मात्र शेजारचाच, ८.६ प्रकाशवर्षांवरचा. आणि अंधार चांगला असेल तर डोक्याच्या उत्तरेला देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग शोधा. नेमकं तिच्याकडे बघू नका, जरा बाजूला बघा, म्हणजे ती दिसते. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश.

जाताना टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद रबरानं बांधा, पांढऱ्या उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडते आणि परत यायला वीस मिनिटं लागतात. स्वेटर हवाच. आणि पुस्तक वाचनालयाचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. कणकुंबीला नोव्हेंबरातलं दव पावसासारखं पडतं, आणि भिजलेली पानं सोमवारी मलाच वाळवावी लागतात.